साबणाच्या डबीतला राखणदार

"लाइट गेली हे सांगायला भोंगा कशाला हवा? पंखा थांबतो, अंधार होतो, आपोआप कळतंच की!" ही डबी मी तयार केली तेव्हा आमच्या सासूबाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला. तुमच्याही मनात तो आलाच असेल. म्हणून आधी त्याचं उत्तर देते आणि मग नेहमीप्रमाणे साहित्य आणि कृती.

गोष्ट गेल्या मे महिन्यातली. आम्ही मुलुंडला राहतो. रात्री साडेदहाच्या सुमाराला दुसऱ्या दिवशीच्या डोशांचं वाटण करत होते. मिक्सर जुना. शेवटच्या फेऱ्याला घरघरला आणि बंद पडला. वाटण जवळजवळ झालंच होतं. म्हटलं, तापला असेल बिचारा, सकाळी बघू. भांडं धुतलं, पीठ झाकून ठेवलं, ओटा पुसला आणि झोपायला गेले. घरातले दिवे चालू होते, पंखे चालू होते. शंका यावी असं काही नव्हतंच.

सकाळी चहाचं दूध तापवायला ठेवलं आणि ते नासलं. दुसरी पिशवी काढायला फ्रीज उघडला, तर आतला दिवा लागेना. दाराशी जाऊन बोर्ड पाहिला. चार एमसीबी वर आणि एक खाली! मिक्सरनं जाता जाता आपल्या लाइनचा एमसीबी पाडला होता, आणि त्याच लाइनवर आमचा फ्रीज. रात्रभर, चांगले आठ तास, फ्रीज मुकाट्यानं बंद होता. डोशाचं पीठ तेवढं झकास फुगलं होतं!

दुधाचं आणि भाजीचं मी मनावर घेतलं नसतं. पण फ्रीजच्या दारात सासूबाईंच्या इन्सुलिनच्या दोन नव्या कुप्या होत्या. मी एक कुपी उजेडात धरून पाहिली. काल होती तशीच स्वच्छ दिसत होती. पण दिसण्यावरून या औषधाचं काही ठरवता येत नाही. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "एका रात्रीत खराब होत नाही, घाबरू नका. पण आता ही कुपी फ्रीजबाहेर काढलेली आहे असंच समजा. आजची तारीख लिहा आणि चार आठवड्यांच्या आत संपवा. त्यापुढे उरेल ते टाकून द्या." दोन्ही कुप्या चार आठवड्यांत संपणाऱ्या नव्हत्या. म्हणजे थोडं औषध वाया जाणारच होतं.

मला रुखरुख लागली ती पैशांची नाही. आठ तास घरात आम्ही पाच माणसं होतो आणि एकालाही पत्ता लागला नाही. दूध नासलं म्हणून कळलं. नासलं नसतं तर? मी मिक्सर लावायला गेले असते, तो चालला नसता, मी एमसीबी वर केला असता, आणि फ्रीज किती वेळ बंद होता याचा विचार माझ्या डोक्यातही आला नसता.

तर सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. लाइट जाण्याचे प्रकार तीन. पहिला मोठा. १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवा. सकाळी दहाच्या सुमाराला सगळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई एका झटक्यात बंद पडली. शहराकडे वीज आणणाऱ्या कळव्याच्या बाजूच्या उच्चदाबाच्या वाहिन्या बंद पडल्या आणि लोकलगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. कोविडचे दिवस, मुलांचे वर्ग मोबाइलवर, निम्म्या लोकांचं ऑफिस घरात. वीज टप्प्याटप्प्यानं परत आली आणि काही उपनगरांना तर त्यासाठी बरेच तास लागले. २६ जुलै २००५ चा पूरही तसाच. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाणी भरलेल्या कितीतरी भागांत वीज मुद्दाम बंद ठेवावी लागली. अशा वेळी भोंग्याची गरज नसते. सगळं शहरच ओरडून सांगत असतं.

दुसरा प्रकार मधला. इमारतीला वीज तीन फेजवर येते. त्यातला एक फेज जातो आणि समोरच्या वहिनींकडे उजेड, आपल्याकडे अंधार. हे जागेपणी कळतं, पण रात्री दोन वाजता झोपेत नाही. आणि तिसरा प्रकार अगदी छोटा, आमच्यासारखा. आपल्याच घरातली एक लाइन जाते आणि बाकी घर मजेत चालू असतं. त्याची बातमी कोणी देत नाही. वीज कंपनीलाही ती कळत नाही. मग आपली मुलुंड-भांडुपची महावितरण असो, की घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीकडची अदानी. आपल्या घरातली लाइन ही आपलीच जबाबदारी. तिच्यावर लक्ष ठेवणारं कुणीतरी घरातच हवं.

म्हणून हा राखणदार. मी बी.ए. झाले ती इतिहास घेऊन. शाळेत अर्धवेळ शिकवते, तेही भाषा आणि इतिहासच. वायर सोलायलाही मला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा मला जमलं ते तुम्हाला नक्कीच जमेल.

ही डबी चालते कशी?

आठवीच्या शास्त्राच्या पुस्तकात विद्युतघंटा असते, आठवते ना? तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की त्याचा लोहचुंबक होतो आणि तो लोखंडाची पट्टी ओढून घेतो. वीज थांबली की चुंबकपण जातं आणि पट्टी आपल्या जागी परत येते. बस्स, एवढंच! दुकानात मिळणाऱ्या 'रिले' नावाच्या साखरेच्या वडीएवढ्या ठोकळ्यात हेच वेटोळं आणि हीच पट्टी असते.

मोबाइलच्या जुन्या चार्जरनं त्या वेटोळ्याला वीज द्यायची. घरात वीज आहे तोवर पट्टी ओढलेली राहते. वीज गेली की चार्जर बंद, चुंबक बंद, आणि पट्टी सुटून मागच्या टोकाला टेकते. त्या टेकण्यानं बॅटरीचा रस्ता पुरा होतो आणि भोंगा वाजतो. भोंग्याला बॅटरी वेगळी असल्यामुळे घरात वीज नसतानाच तो बोलतो.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेला आपण कुठंही हात लावत नाही. चार्जरच्या अलीकडे येते ती फक्त ५ व्होल्टची वीज, आणि बॅटरी ९ व्होल्टची. म्हणूनच ही कृती नवशिक्या बाईनं निर्धास्त करावी.

साहित्य

१) मोबाइलचा जुना पण चालू चार्जर, ५ व्होल्टचा. ज्याला चपट्या, लांबट तोंडाची वायर लागते तोच घ्या. दोन्ही टोकांना लहान गोलसर 'सी' तोंड असलेल्या नव्या वायरीचा चार्जर समोर मोबाइल असल्याशिवाय वीज सोडत नाही, तो इथं चालत नाही. फुटपाथवरचा बिननावाचा चार्जर नको. हा रात्रंदिवस लावून ठेवायचा आहे, तेव्हा बीआयएसची खूण असलेला असावा.
२) त्या चार्जरची एक जुनी वायर. मोबाइलकडचं टोक बिघडलेलं असलं तरी चालेल.
३) ५ व्होल्टचा, पाच पिनांचा छोटा रिले. त्याच्या पाठीवर ५ व्होल्ट डीसी असं लिहिलेलं असतं.
४) बझर, म्हणजे छोटा भोंगा. 'बॅटरी लावली की आपोआप वाजणारा, ३ ते २४ व्होल्टवाला द्या' असं सांगा. त्याला लाल आणि काळी अशा दोन तारा असतात.
५) ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिची टोपी, म्हणजे क्लिप.
६) तीन पिनांचा टॉगल स्विच. दोनचा नको, तीनचाच. का, ते पुढे सांगते.
७) प्रवासात नेतो तशी प्लॅस्टिकची साबणाची डबी. स्टीलची नको. तिच्यात उघड्या तारा टेकल्या तर सगळं बिघडेल.
८) थोडी वायर, इन्सुलेशन टेप आणि सोल्डरिंगचं सामान.

रिले, बझर, स्विच, बॅटरी, क्लिप हे सगळं मला दीडशे रुपयांच्या आत मिळालं. मी ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर गेले होते. पाटीवर त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण विचारताना लॅमिंग्टन रोडच विचारा. मुलुंड-घाटकोपरच्या बायकांनी दादरला गाडी बदलायची, अंधेरी-बोरिवलीकडच्यांनी सरळ ग्रँट रोडला उतरायचं. दुकानं टीचभर आणि गर्दी पुरुषांची, म्हणून मी आधी जरा बिचकले. पण कागदावर यादी लिहून नेली होती. ती पुढे केल्यावर दोन मिनिटांत पुडी बांधून मिळाली. वाण्याकडे यादी देतो तसंच हे.

सोल्डरिंग, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत डाख देणं. ते घरी करायचं असेल तर खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात जाऊ देऊ नका, मुलांना लांब ठेवा आणि काम झाल्यावर हात साबणानं धुवा. आधी जोड तापवायचा आणि मग त्यावर सोल्डरची तार टेकवायची. इस्त्रीवर वितळवून थेंब पाडायचा नाही. जमणार नसेल तर नाक्यावरच्या टीव्ही-दुरुस्तीवाल्याकडून सहा-सात जोड करून घ्या. त्याच्यासाठी ते दहा मिनिटांचं काम आहे.

कृती

१) वायर चार्जरला लावलेली नाही याची खात्री करून तिचं मोबाइलकडचं टोक कापा. वरचं साल काढलं की आत बारीक तारा दिसतील. लाल आणि काळी आपल्या कामाच्या. पांढरी आणि हिरवी असल्या तर त्या आखूड कापून प्रत्येकीवर वेगळी टेप गुंडाळा.

२) रिले उलटा धरा. एका बाजूला तीन पिना ओळीनं आणि समोरच्या बाजूला दोन. तिघींपैकी कडेच्या दोन पिना वेटोळ्याच्या. त्यांना लाल आणि काळी तार सोल्डर करा. कुठली कुठे याचं बंधन नाही. तिघींमधली मधली पिन ही 'कॉमन'. रिलेच्या अंगावर आकृती छापलेली असेल तर तीही पडताळून पाहा.

३) आता चार्जर भिंतीत लावून बटण दाबा. रिलेतून 'टक्' असा बारीक आवाज यायला हवा. बटण बंद केलं की पुन्हा 'टक्'. हा आवाज आला की निम्मी लढाई जिंकली. आला नाही तर जोड सुटलेला असेल, किंवा वायर आतून तुटलेली असेल.

४) चार्जर काढून ठेवा. समोरच्या दोन पिनांपैकी कुठली काय ते आता ओळखायचं. बॅटरीच्या क्लिपची लाल तार कॉमनला टेकवा, क्लिपची काळी तार बझरच्या काळीला. बझरची लाल तार त्या दोन पिनांना आळीपाळीनं टेकवून पाहा. जिला टेकवल्यावर भोंगा वाजेल ती 'वीज नसतानाची' पिन. तिच्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या. उरलेली ती 'वीज असतानाची'.

५) बॅटरी काढा आणि कायमचे जोड करा. क्लिपची लाल तार कॉमनला. ठिपक्याच्या पिनेपासून एक वायर स्विचच्या एका कडेच्या पिनेला. बिनठिपक्याच्या पिनेपासून दुसरी वायर स्विचच्या दुसऱ्या कडेच्या पिनेला. स्विचची मधली पिन बझरच्या लाल तारेला. बझरची काळी तार क्लिपच्या काळ्या तारेला. झालं! प्रत्येक उघड्या जोडावर टेप लावा.

६) साबणाच्या डबीला गरम सुईनं आवाजापुरती भोकं पाडा, एक भोक वायरला आणि एक स्विचला. सगळं आत बसवा. वायर ओढली गेली तरी जोडावर ताण येऊ नये म्हणून आतल्या बाजूनं तिला एक गाठ मारा.

आता तीन पिनांचा स्विच कशाला ते सांगते. पहिल्यांदा मी साधा चालू-बंद स्विच लावला होता. लाइट गेली, भोंगा वाजला, बंद केला. सासूबाई पाहत होत्या. म्हणाल्या, "अगं, आता तो गप्प केलास. लाइट आल्यावर परत चालू कोण करणार? तू विसरणार, आणि पुढच्या खेपेला तो गप्पच बसणार." अगदी खरं! गप्प बसलेला राखणदार नसल्यापेक्षाही वाईट, कारण आपण त्याच्या भरवशावर असतो. मी पुन्हा लॅमिंग्टन रोड गाठला आणि दुकानदाराला ही अडचण सांगितली. त्यानं हसून हा तीन पिनांचा स्विच हातावर ठेवला.

त्याची गंमत पाहा. वीज गेली की भोंगा वाजतो. तुम्ही स्विच दुसऱ्या बाजूला ढकललात की गप्प. पण वीज परत आली की तो पुन्हा वाजतो, 'आली बरं का' म्हणून! तेव्हा स्विच पहिल्या जागी केलात की तो गप्प बसतो आणि पुढच्या वेळेसाठी आपोआप तयार असतो. म्हणजे विसरायची सोयच नाही. रात्री तीनला लाइट आली तेही कळतं आणि फ्रीज परत सुरू झाला की नाही ते उठून बघता येतं.

चाचणी आणि निगा

चार्जर लावा आणि वीज चालू असताना ज्या बाजूला भोंगा गप्प राहील त्या बाजूला स्विच करा. आता चार्जरचं बटण बंद करा. भोंगा वाजलाच पाहिजे. हीच चाचणी दर महिन्याला एकदा करा. मी कॅलेंडर उलटते त्या दिवशी करते. गप्प असताना बॅटरी अजिबात खर्च होत नाही, पण बॅटरी नुसती पडूनही कमजोर होते. तेव्हा दर दिवाळीच्या साफसफाईत नवी घाला. चार्जर आणि रिले मिळून महिन्याला साधारण अर्धं युनिट वीज खातात, फार नाही.

ही डबी लावायची कुठं?

हे नीट वाचा, कारण सगळी मख्खी इथंच आहे. डबी दिवाणखान्यात लावलीत तर ती दिवाणखान्याच्या लाइनची राखण करील, फ्रीजची नाही. ज्या लाइनवर फ्रीज आहे त्याच लाइनच्या दुसऱ्या प्लगमध्ये ती लावायला हवी.

कुठला प्लग कुठल्या लाइनवर हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक असतं? मला नव्हतं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण बोर्ड म्हणजे ह्यांचं खातं असं मी धरूनच चालले होते, आणि विचारलं तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं! एका रविवारी आम्ही दोघांनी मिळून एकेक एमसीबी खाली केला आणि घरभर फिरून काय काय बंद पडलं ते लिहून काढलं. मग प्रत्येकाखाली चिकटपट्टीवर नाव लिहिलं: 'स्वयंपाकघर, फ्रीज', 'पंखे-दिवे', 'गीझर' वगैरे. ही डबी तुम्ही केली नाहीत तरी चालेल, पण एवढं काम येत्या रविवारी जरूर करा. हात कोरडे हवेत, आणि कॉम्प्युटर चालू असेल तर आधी बंद करा.

भोंगा वाजला तर?

आधी बाकीचं घर पाहा. सगळीकडेच अंधार असेल तर शेजारी विचारा, आणि बिलावर छापलेल्या नंबरावर तक्रार नोंदवा. एकच लाइन गेली असेल तर आधी त्या लाइनवरच्या मिक्सर, ओव्हन, इस्त्री यांचे प्लग काढा आणि मगच एमसीबी वर करा. पुन्हा पडला तर हट्ट करू नका. तो पडतोय म्हणजे कुठंतरी दोष आहे आणि तो आपल्याला वाचवतोय. तिथं वायरमनच हवा. भिंत ओली असेल किंवा जळका वास येत असेल, तर एकदाही वर करू नका.

फ्रीज बंद पडला तर दार सारखं उघडून पाहायचं नाही. दार बंद ठेवलं तर खालचा फ्रीज साधारण चार तास गार राहतो. गच्च भरलेला फ्रीझर अठ्ठेचाळीस तास, अर्धा भरलेला चोवीस तास टिकतो असा हिशेब देतात, पण आपल्या मे महिन्यात त्याच्या भरवशावर राहू नये. दूध, शिजवलेलं अन्न, मासे-मटण यांचा त्यानंतर मोह नको. इन्सुलिनची न फोडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते. ती फ्रीझरमध्ये कधीच नको, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. फ्रीजबाहेर राहिलेली कुपी किती दिवस चालेल हे पत्रकावर असतं, आणि ते प्रत्येक औषधाचं वेगळं. तारीख लिहून ठेवा आणि आपल्या डॉक्टरांना विचारा. अंदाजानं ना वापरायचं, ना फेकायचं.

डबीला काय जमत नाही तेही सांगायला हवं. फ्रीजचाच प्लग ढिला झाला किंवा कॉम्प्रेसर बिघडला तर ती गप्प राहील, कारण तिच्या प्लगला वीज असतेच. घरात कुणाला ऑक्सिजनचं मशीन लागत असेल तर ही डबी जोडीला असू द्या, पण तिच्यावर विसंबू नका. डॉक्टरांनी सांगितलेला भरलेला सिलिंडर तयार हवा, आणि मशीनच्या स्वतःच्या घंटीला बॅटरी लागत असेल तर तीही तपासा. आणि तुम्ही गावाला गेलात तर ऐकणारंच कुणी नसतं. त्यासाठी एक जुनी युक्ती: वाटीत पाण्याचा बर्फ करून त्यावर एक रुपया ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्ये ठेवून जा. परत आल्यावर रुपया वरच असेल तर ठीक. तळाशी गेला असेल तर मधे बर्फ वितळून पुन्हा गोठला, म्हणजे फ्रीज बराच वेळ बंद होता. आतलं सगळं टाका.

आता शेवटचं. श्रावणातली गोष्ट. मी शाळेत होते. मधल्या सुट्टीत सासूबाईंचा फोन. "अगं, तुझी डबी ओरडतेय. पंखा चालू आहे, दिवा लागतोय, पण फ्रीजमध्ये अंधार." त्यांना दुपारी नारळाची चटणी करायची हुक्की आली होती आणि मिक्सरनं पुन्हा तोच प्रताप केला होता. नवा घेऊ, नवा घेऊ म्हणत आम्ही तसाच वापरत होतो! मी म्हटलं, "आई, समोरच्या वहिनींना बोलावते, तुम्ही बोर्डाला हात लावू नका." तर म्हणाल्या, "कशाला? मिक्सरचा प्लग काढलाय, हात पुसलेत, आणि तूच नावं लिहिली आहेस ना खाली? मला वाचता येतं." फोनमधूनच मला एमसीबीचा खटका ऐकू आला, आणि पाठोपाठ फ्रीजचा दिवा लागल्याची बातमी. भोंग्याचा स्विच त्यांनी आधीच ढकलून ठेवला होता. तो पुन्हा वाजल्यावर त्यांनी तो जागच्या जागी आणला.

मे महिन्यात आठ तास कळलं नव्हतं. या वेळी पाच मिनिटंही गेली नाहीत. चटणी मात्र त्या दिवशी पाट्यावर वाटली गेली, आणि मिक्सर त्याच आठवड्यात भंगारात गेला.

तर मैत्रिणींनो, येत्या रविवारी आधी बोर्डावरची नावं, आणि त्यानंतर ही डबी. पहिला 'टक्' ऐकू आला की पाहा, किती बरं वाटतं ते!